तंबूवरची खूण

महामायाने खडू हातात घेतला आणि किसनरावांच्या भिंतीसमोर ती नुसतीच उभी राहिली.

आत दोन नातवंडांना थेंब पाजून झाले होते. डाव्या करंगळीवर शाई लागली होती, कोकिळाने कागदावर नावं घेतली होती. आता दाराशेजारी भिंतीवर घराचा नंबर, तारीख आणि इंग्रजी पी एवढंच लिहायचं बाकी होतं. घरातली सगळी पोरं झाली तर पी, एखादं राहिलं तर फुली. पोलिओच्या मोहिमेतली ही खूण आमच्या धाड गावातल्या भिंती वर्षानुवर्षं अंगावर वागवत आल्यात. महामायाने स्वतः अशा किती हजार खुणा केल्या असतील, तिलाच ठाऊक.

"सिस्टर, कलर देऊन पंधरा दिवस झाले नाहीत अजून," किसनराव ओट्यावरून म्हणाले. "खडूनं लिहा, माही ना नाही. मांगच्या बारीले एका पोरीनं कोळशानं लिहिलं होतं. दोन दिवाळ्या झाल्या, पुसूपुसू हात दुखले, पण ते काही निंघालं नाही."

महामायाने ऐकलं की नाही कोण जाणे. तिने खडू कोकिळाच्या हातात दिला.

"तू लिही."

कोकिळा आमच्या वॉर्डातली आशाताई. तिने मुकाट्याने लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खांद्याला निळी लसपेटी अडकवून उभा होतो. मी दुसरीकडे पाहिलं.

"काय कंडक्टर, आज सिस्टरची गाडी का?" किसनराव मला म्हणाले. जाता-जाता कुणाला टोचल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"आज सुट्टी हाये भाऊ. त्यायची तिसरी बाई आली नाही, म्हून डबा उचलून राह्यलो."

मी एसटीत कंडक्टर, बुलढाणा डेपोला. एकोणीस वर्षं झाली. माझ्या कामात एक सवय लागते: गाडी सुटायच्या आधी डोकी मोजायची. चहाला उतरलेला एखादा म्हातारा मागे राहिला, तर सगळी गाडी थांबवायची, ड्रायव्हरच्या शिव्या खायच्या, पण माणूस घ्यायचाच. ही सवय सांगायचं कारण पुढे येईल.

आमची बायको नर्स. धाडच्या उपकेंद्रात बारा वर्षं कंत्राटावर, आणि बारा वर्षं 'पुढच्या वर्षी पक्कं करू' ऐकत. मध्ये मेळघाटात कुपोषणाच्या कामावर गेली होती, तिथे एका आंतरराष्ट्रीय संस्थेचे डॉक्टर होते. त्यांनी तिचं काम पाहिलं. दोन वर्षांनी त्यांचा फोन आला. सुदानच्या पश्चिम भागात लढाई पेटली आहे, गावंच्या गावं उठून छावणीत आलीत, लस देणारी, पोरं शोधून काढणारी नर्स हवी. नऊ महिने.

मी नाही म्हणालो. दोन दिवस नाहीच म्हणत होतो. खरं कारण भीती होतं, पण मी मुलीच्या बारावीचं नाव पुढे केलं. माझी आई, कलाबाई, भाकरी थापता-थापता म्हणाली, "इथच्याईनं बारा वर्सात तुले पक्कं केलं नाही. त्याईनं सात समुंदरापलीकडून नाव घेतलं. जाय तू बाई. याच्या भाकरी मी टाकतो."

ती गेली. तिकडे शुक्रवारी सुट्टी असे, त्या दिवशी फोन येई. संस्थेचं तिला भारी कौतुक आणि भारी राग. ट्रकभर ताडपत्र्या एका दिवसात उतरायच्या, रबरी टाक्या फुगवून संध्याकाळी नळ सुरू. त्याच वेळी एका सुईच्या खोक्यासाठी चार फॉर्म. पोरांच्या दंडाला रंगीत मोजपट्टी लावायची, लाल रंगावर आली म्हणजे पोर कुपोषित, मग शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं द्यायची. हे ऐकून आई म्हणाली, "म्हंजे शेंगदाण्याचा लाडूच की. त्याले इतकी मोठी संस्था लागते का?"

"लागते माय," फोनवरून महामाया म्हणाली. "चाळीस हजार लोकं हायेत इथं. लाडू वळंल कोण?"

तिच्यासोबत दुभाषी म्हणून हलीमा होती. तीही त्याच लढाईतून पळून आलेली, गावात शाळामास्तरीण होती. नवरा नाही, सात वर्षांची मुलगी, सलवा. हलीमाला इंग्रजी येत होतं आणि सिनेमे बघून-बघून थोडं हिंदी. महामायाचं इंग्रजी थोडं, हिंदी आपल्या वळणाचं. दोघींचं मिळून जे काही व्हायचं, त्यावर सगळा दवाखाना चालायचा.

आणि मग तिच्या हातून ती चूक झाली.

छावणीत गोवर आला. संस्थेने लस मागवली, विमानाने आली. महामायाची टीम तंबू-तंबू फिरू लागली. बोटावर शाई लावायचे, पण शाई समोर आलेल्या पोराची दिसते. न आलेलं पोर कुठल्या तंबूत राहिलं, ते शाईवरून कसं कळणार? तिने आपली जन्माची सवय काढली. निळा मार्कर घेतला आणि प्रत्येक ताडपत्रीवर पी किंवा फुली लिहीत गेली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारावं असंही वाटलं नाही. आपल्याकडे कोण विचारतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी खुणा केलेल्या तंबूंच्या दोन ओळी रिकाम्या होत्या. ताडपत्र्या वाळूने घासून-घासून फाटल्या होत्या. बाया पोरांना घेऊन पलीकडच्या कोरड्या नदीत जाऊन बसल्या होत्या, गोवराची पोरंसुद्धा, उन्हात.

हलीमाने तिला सांगितलं. त्यांच्या गावात माणसं दिवसा आली होती. हसत-बोलत, घरांवर खडूने खुणा करून गेली. तिसऱ्या दिवशी खुणेची घरं तेवढी जळली.

"मले वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं," महामाया मला म्हणाली. त्या शुक्रवारी ती बराच वेळ नुसती रडली आणि मी इकडे डेपोच्या भिंतीला टेकून 'अगं, ऐक तर' म्हणत राहिलो. दुसरं काय म्हणणार होतो?

संस्थेच्या मोठ्या डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. खुणा बंद म्हणाल्या, आणि जाऊन बायांशी बोला म्हणाल्या. हलीमा आणि महामाया नदीत जाऊन बसल्या. शेवटी एका म्हातारीने विचारलं, तुझ्या मुलखात अशी खूण कशासाठी करतात? महामायाने फोन काढला. त्यात आमच्या दाराचा फोटो होता. आई दारात उभी, शेजारी भिंतीवर ठळक पी. म्हातारीने फोन डोळ्यांशी नेला.

"ही बाई जिवंत आहे?"

"हो. माझी सासू आहे."

"आणि घर?"

"आहे. जसंच्या तसं."

म्हातारीने फोटो सगळ्या बायांमध्ये फिरवला. मग त्या आपसांत पुष्कळ बोलल्या. हलीमाने निर्णय सांगितला: खूण करा, पण अशी करा की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येऊ नये. फक्त तुम्हा दोघींना यावी.

तेव्हापासून त्या छावणीच्या ताडपत्र्यांवर मराठी लिहिलं जाऊ लागलं. झालं म्हणजे झ, राहिलं म्हणजे र, पुढे पोरांचा आकडा. हलीमा चार दिवसांत एकपासून नऊपर्यंत शिकली. र सोपा गेला. झ मात्र तिला शेवटपर्यंत धड जमला नाही. आमच्या महामायाने तिचा हात धरून गिरवून घेतला, तरी तिच्या झ ला एक पाय जास्तीचा फुटायचाच. गोवर आटोक्यात आला. एकूण सहा पोरं गेली. इतकी कमी गेली म्हणून संस्थेने पत्र दिलं, आणि ती सहा नावं महामायाला पाठ आहेत.

मग लढाई छावणीजवळ आली.

संस्थेने परदेशी माणसांना वीस मिनिटं दिली. गाड्या तीन. बाहेर नेता येणार होतं ते फक्त ज्यांच्याकडे पासपोर्ट आहेत त्यांना. तो नियम आधीपासून सगळ्यांना माहीत होता, हलीमालाही. गाडी निघाली तेव्हा ती सलवाचा हात धरून दवाखान्याच्या दारात उभी होती. पाच दिवसांनी छावणीवर हल्ला झाल्याची बातमी आली. हलीमाचा फोन बंद झाला, तो बंदच.

महामाया घरी आली तेव्हा मी तिला घ्यायला संभाजीनगरला गेलो होतो. परतीच्या गाडीत मी, गाढवाने, विचारलं, "जागा नव्हती का गाडीत?"

"होती," ती म्हणाली. "दोन सीटा होत्या. एकीवर रजिस्टरची पेटी ठेवली. हलीमानंच आणून ठेवली. दुसरी रिकामीच आली."

त्यानंतर मी ते कधी विचारलं नाही. पण घरात ती रिकामी सीट कायमची येऊन बसली. जेवताना, झोपताना, आई टीव्ही बघताना. मी डोकी मोजणारा माणूस, मला त्या सीटेचा अर्थ सांगायला नको होता. पेटीत अकरा रजिस्टरं होती, तंबूवार आईचं नाव, पोरांची नावं, वयं, मूळ गाव. "माणसाच्या जागी मी कागद आणले," ती एकदाच म्हणाली. पेटी संस्थेच्या मोठ्या ऑफिसला जमा झाली. संस्थेत हरवलेल्या माणसांचा शोध घेणारी माणसं असतात, त्यांच्याकडे तिने हलीमा आणि सलवाची नावं दिली. दर महिन्याला उत्तर येई: शोध सुरू आहे, अजून माहिती नाही. सात महिने, सात उत्तरं. संस्थेने पुन्हा बोलावलं तर तिने नको म्हणून कळवलं. उपकेंद्रात रुजू झाली. सुई टोचायची, बाळंतपणं करायची, सगळं पूर्वीसारखं. फक्त भिंतीवर खडू तिच्याच्याने उठेना.

किसनरावांचं घर झाल्यावर आम्ही आणखी सतरा घरं केली. कोकिळा लिहीत गेली. दुपारी बुद्धविहाराच्या ओट्यावर डबे उघडले. भाकरी, वांग्याचं भरीत, आईने आठवणीने दिलेला ठेचा. महामायाचा फोन वाजला. तिकडच्या जुन्या सहकाऱ्यांचा गट होता, त्यावर कुणीतरी फोटो टाकले होते. सीमेपलीकडे, चाडमध्ये, नवीन छावणी उभी राहिली होती, तिथले. असे फोटो ती स्वतः बघत नसे. फोन माझ्याकडे सरकवायची.

"तुमीच पाहा."

मी पाहायचो. हलीमाला मी फोटोत पाहिलेलं होतं, उंच, पिवळी ओढणी, पुढच्या दोन दातांत फट. प्रत्येक फोटोत मी चेहरे मोजत जायचो आणि 'नाही' म्हणून फोन परत द्यायचो. त्या दिवशी चौदा फोटो होते. नळावरच्या बाया. ट्रकमधून उतरणाऱ्या ताडपत्र्या. एक पोर दंड पुढे करून उभं. रांग. पुन्हा रांग. एका फोटोत पाण्याचे पिवळे डबे आणि मागे तंबू, तंबूवर काळ्या रंगात काहीतरी लिहिलेलं. मी पुढे गेलो.

मग थांबलो. कारण ते मला वाचता आलं होतं.

चाडमधल्या छावणीत लिहिलेलं मला काय म्हणून वाचता यावं? मला अरबी येत नाही, फ्रेंच येत नाही. मी मागे आलो. फोटो मोठा केला. माझा हात ठेच्याने माखलेला, काचेवर लाल डाग पडला, तो शर्टला पुसला.

"महामाया."

"काय?"

"हे वाच बरं."

तिने फोन घेतला. तंबूवर कोळशाने लिहिलं होतं: झ ३.

ती बोटाने फोटो मोठा करत गेली, अक्षर फुटेपर्यंत. मग तिने बोट ठेवून त्या झ चे पाय मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले.

"एक जास्तीचा हाये," ती म्हणाली. "अहो, एक पाय जास्तीचा हाये."

"दुसऱ्या कोणी लिहिलं असंल तर?" मी म्हणालो. मला तिला खोटी आशा लावायची नव्हती. खरं तर मलाच आशेची भीती वाटत होती.

"माह्या झ ले इतके पाय नसतात. दुसरं कोन लिहील तिथं?"

कोकिळाला काही कळेना. "सिस्टर, काय झालं? कोन गेलं?"

"कोनी नाही गेलं," महामाया म्हणाली, आणि भाकरीचा घास हातात तसाच धरून ओक्साबोक्शी रडू लागली. कोकिळाने तिला जवळ घेतलं. मी तेवढ्यात पाण्याची बाटली उघडली, सांडली, पुन्हा भरून आणली.

तिने गटावर लिहिलं: हा फोटो कुणी काढला, ही खूण कोण करतं, नाव विचारा. तासभर उत्तर नव्हतं. मी म्हणालो, घरी जाऊ. ती म्हणाली, "घरं राह्यलीत अजून." लुगड्याने नव्हे, रुमालाने नव्हे, मोहिमेच्या पिवळ्या टोपीने डोळे पुसले आणि उठली. त्या दुपारी फोन माझ्या वरच्या खिशात होता आणि मी दर दोन मिनिटांनी तो चाचपत होतो. एका घरात मी लसपेटी ठेवून पुढे निघालो, कोकिळाने हाक मारून परत बोलावलं. एकोणीस वर्षांत तिकिटाचं मशीन कधी विसरलो नाही, बर्फाची पेटी विसरलो.

शेवटचं घर आमचंच. आमच्याकडे आता पाच वर्षांखालचं कुणी नाही, पण नियम आहे, घर सोडायचं नाही. आई दारात शेंगा फोडत बसली होती. आम्ही ओट्याशी पोचलो आणि खिशात फोन थरथरला. आवाजाचा निरोप होता, तीन मिनिटांचा. महामायाने तो सुरू केला आणि फोन दोन्ही हातांत धरला.

हलीमाच होती. ते अर्धं इंग्रजी, अर्धं सिनेमातलं हिंदी मी माझ्या भाषेत सांगतो. माया सिस्टर, मी ठीक आहे. सलवा ठीक आहे, तिचा एक दात पडला. आम्ही अकरा दिवस चाललो. वाटेत बंदूकवाल्यांनी फोन काढून घेतला, नंबर पाठ नव्हता. इथे गेल्याच आठवड्यात संस्थेची माणसं भेटली, मी पुन्हा कामाला लागले. गोवराची लस सुरू आहे. मार्कर मिळत नाही, म्हणून कोळशाने लिहिते, चालेल ना? मग तिचा आवाज जरा बदलला. इथे खूप पोरं आईवाचून आलीत, ती म्हणाली. त्यांना स्वतःचं नाव सांगता येतं, गाव सांगता येत नाही. सगळं त्या पेटीत आहे. सात महिने मला एकच घोर लागलाय, सिस्टर, तू ती पेटी गाडीतून उतरवलीस ना? पोचली ना ती?

निरोप संपला. महामाया खाली ओट्यावर बसली.

मी तिचा चेहरा पाहत होतो. सात महिने ती एका सीटेसाठी झुरली होती, आणि तिकडे हलीमा त्याच गाडीतल्या दुसऱ्या सीटेसाठी. महामायाने बटण दाबलं.

"पोचली, हलीमा. अकराही रजिस्टरं पोचली. एक पान ओलं झालं नाही. मी आजच ऑफिसला कळवते, तुझ्याकडे पाठवतील. आणि कोळसा चालेल."

मग तिने दीर्घ श्वास सोडला. मला वाटतं, घरी आल्यापासूनचा तिचा तो पहिला पुरा श्वास असेल. मी उगाच लसपेटीचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

आईने सगळं ऐकलं होतं. भाषा कळली नव्हती, पण काय झालं ते कळलं होतं. "पोरगी सापडली न?" ती म्हणाली.

"हाव माय. सापडली."

"अन् ते म्हतारी? माहा फोटू पाह्यला होता, ते?"

महामायाने पुन्हा निरोप पाठवून विचारलं. थोड्या वेळाने उत्तर आलं. म्हातारी नवव्या दिवशी वाटेत गेली. शेवटपर्यंत सलवाला पाठीवर घेऊन चालत होती. आईने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि पदर सारखा केला.

"माह्याहून मोठी होती का?"

"तुमच्याच वयाची असंल."

आईने हात जोडले. समोरून बुलढाण्याची गाडी गेली, माझ्या डेपोची, ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि मी हात वर केला.

मग कोकिळाने खडू काढला. "सिस्टर, एवढंच घर राह्यलं. लिहू?"

"थांब," महामाया म्हणाली. "मी लिहितो."

ती आत गेली, चुलीतला एक विझलेला कोळसा घेऊन बाहेर आली. भिंतीपाशी उभी राहिली. घराचा नंबर लिहिला, तारीख लिहिली, पी लिहिला. खाली थोडी जागा सोडून एक झ काढला आणि त्याला मुद्दाम एक पाय जास्त दिला.

"कोळशानं काऊन लिहिलं वो?" आई म्हणाली. "निंघत नाही तो मंग."

"राहू द्या, माय," महामाया म्हणाली आणि कोळशाचे हात धुवायला मोरीकडे गेली.